अमेरिकेत पहिलं मत देण्याआधी: राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कसा पारखावा

अमेरिकेचे नवे नागरिक झालेले मराठी लोक निवडणुकीच्या वर्षात बहुधा तीन गोष्टी विचारतात. अनुभव कोणाला जास्त आहे? आपल्या लोकांच्या बाजूचा कोण आहे? आणि उमेदवाराचा धर्म कोणता, तो देवाधर्माचं किती मानतो? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ज्यावर पुढची चार वर्षं खरोखर अवलंबून असतात, तो चौथा प्रश्न राहून जातो: वेळ कमी, माहिती अर्धवट आणि सल्लागारांची तोंडं चार दिशांना असली, तर हा माणूस निर्णय कसा घेतो? इथल्या प्रचारात त्याला 'जजमेंट' म्हणतात. मी सारासार बुद्धी म्हणेन. माझ्या मते ती सगळ्यात आधी तपासावी, अनुभव तिचा पुरावा म्हणून वाचावा, आणि धर्माबद्दल नेमके तेवढेच प्रश्न विचारावेत जेवढे त्या पदाशी संबंधित आहेत.

पुढची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. कोणालाही दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही, त्यामुळे दोनदा निवडून आलेले ट्रम्प पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत आणि रिपब्लिकन पक्षाला नवा उमेदवार द्यावा लागेल. पहिल्यांदा मत देणाऱ्याला शिकायला हे वर्ष चांगलं आहे.

पायरी १: नोंदणी, नाव आणि सही

ग्रीन कार्डवर मत देता येत नाही. नागरिक नसताना फेडरल, म्हणजे केंद्रीय, निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे, त्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, आणि नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात नोंदणीबद्दल आणि मतदानाबद्दल थेट प्रश्न असतो. लायसन्स काढताना काउंटरवरचा कर्मचारी सवयीने विचारतो, "मतदार म्हणूनही नोंदवू का?" नागरिकत्वाची शपथ झालेली नसेल तर स्वच्छ शब्दांत नाही म्हणा, आणि फॉर्मवरची ती चौकट रिकामी आहे ना, ते सही करण्याआधी बघा.

शपथ झाली की मात्र दिरंगाई नको. 'व्होट डॉट गव्ह' या सरकारी संकेतस्थळावरून तुमच्या राज्याच्या पानावर जाता येतं. टेक्सासमध्ये मतदानाच्या ३० दिवस आधी नोंदणी लागते, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये मतदानाच्या दिवशीही होते, नॉर्थ डकोटात नोंदणीच नाही. आपलं राज्य कोणत्या गटात येतं, ते आजच पाहून ठेवा.

आपल्या लोकांची एक खास अडचण नावाची असते. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर ते पूर्ण, लायसन्सवर एकच अक्षर, आणि सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत तर पत्ताच नाही. शपथेनंतर सगळीकडे एकच नाव करून घ्या, पुढचा मनस्ताप वाचेल. सहीचंही तसंच. टपालाने मत देताना पाकिटावरची सही अनेक राज्यांत नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. नोंदणीच्या वेळी देवनागरीत सही केली असेल, तर पाकिटावरही देवनागरीतच करा.

प्रायमरीचा, म्हणजे पक्षांतर्गत निवडीचा, नियम प्रत्येक राज्यात वेगळा आहे. न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात पक्षाकडे आधी नाव नोंदवलेलं असेल तरच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. न्यू जर्सीत कोणत्याच पक्षात नाव नसेल तर त्या दिवशी पक्ष निवडता येतो. टेक्सासमध्ये मतदाराची पक्षनोंदणीच नसते. हे आधी समजून घ्या, कारण खरी निवड प्रायमरीत असते. नोव्हेंबर उजाडेपर्यंत बहुतेकांसमोर दोनच नावं उरलेली असतात.

पायरी २: पद काय आहे ते नीट समजून घ्या

आपण संसदीय पद्धतीत वाढलो. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार लोकसभेत एका मताने पडलं, ते आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिलं. इथे तसं होत नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी बसतो. महाभियोग आहे, पण अँड्र्यू जॉन्सन, बिल क्लिंटन आणि दोनदा डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर तो चालवूनही सिनेटने, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, एकदाही दोषी ठरवून पदावरून काढलेलं नाही. निक्सन गेले ते ९ ऑगस्ट १९७४ ला स्वतः राजीनामा देऊन. एकदा निवडलेला माणूस बदलणं इतकं अवघड असल्यामुळेच निवडण्याआधीची पारख महत्त्वाची ठरते.

त्याच्या हातात काय असतं? सैन्याचं सर्वोच्च सेनापतिपद, अण्वस्त्रं वापरण्याचा आदेश, काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, विधेयकांवर नकाराधिकार, फेडरल गुन्ह्यांत माफी, आणि सिनेटच्या संमतीने फेडरल न्यायाधीशांच्या नेमणुका. हे न्यायाधीश तहहयात असतात. चाळिशीतला न्यायाधीश नेमला तर तो नेमणाऱ्यानंतर तीन-तीन दशकं निकाल देत राहतो.

काय नसतं? कायदा करणं. आपल्या घरात सगळ्यात जास्त बोलला जाणारा विषय घ्या: भारतीयांची ग्रीन कार्डची न संपणारी रांग. एका देशाला जास्तीत जास्त ७ टक्के, ही मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे, आणि ती बदलायची तर काँग्रेसनेच बदलायला हवी. एखादा उमेदवार देणगीच्या कार्यक्रमात "मी पहिल्याच दिवशी ही रांग संपवीन" म्हणाला, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा की कोणत्या अधिकारात. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन बिनदिक्कत देणारा माणूस पदाबद्दल तरी अज्ञानी असतो, किंवा तुमच्या अज्ञानावर विसंबलेला असतो. पारख इथूनच सुरू होते.

पायरी ३: अनुभवाची यादी वाचा, पण तिथे थांबू नका

मुलीसाठी स्थळ बघताना आपण बायोडेटा वाचून होकार कळवत नाही. तो काम करतो तिथे विचारतो, शेजारी विचारतो, रागावला की कसा वागतो ते काढून घेतो. उमेदवाराच्या अनुभवाचंही तेच करायचं.

कागदावर सगळ्यात भारदस्त अनुभव असलेल्या राष्ट्राध्यक्षांमध्ये जेम्स ब्यूकॅनन येतात. प्रतिनिधिगृहात दहा वर्षं, सिनेटमध्ये दहाएक वर्षं, रशियात आणि ब्रिटनमध्ये राजदूत, मधे परराष्ट्रमंत्री. १८५७ मध्ये ते पदावर आले तेव्हा गुलामगिरीच्या प्रश्नावर देश फुटायच्या बेतात होता. गुलामगिरीतून सुटका मागणाऱ्या ड्रेड स्कॉट यांच्या खटल्याचा निकाल यायच्या आधीच त्यांनी सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींशी पत्रव्यवहार केला, शपथविधीच्या भाषणात लोकांना सांगितलं की न्यायालय देईल तो निकाल मुकाट्याने स्वीकारा, आणि दोनच दिवसांनी निकाल आला: कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. आग विझायच्या ऐवजी भडकली. १८६०-६१ च्या हिवाळ्यात दक्षिणेकडची राज्यं फुटू लागली, तेव्हा ते म्हणाले की राज्यांना फुटण्याचा अधिकार नाही, पण त्यांना रोखण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. त्यांची मुदत संपेपर्यंत सात राज्यं गेली होती.

त्यांच्यानंतर आलेले अब्राहम लिंकन. इलिनॉयच्या विधिमंडळात आठ वर्षं, प्रतिनिधिगृहात फक्त दोन वर्षं, आणि सिनेटसाठीचे दोन प्रयत्न फसलेले. आजच्या मोजमापात ते 'अननुभवी' ठरले असते.

यावरून अनुभव कुचकामी असा निष्कर्ष काढू नका. थोरल्या जॉर्ज बुश यांच्याकडे चीनमधलं काम, संयुक्त राष्ट्रांमधलं राजदूतपद, सीआयएचं प्रमुखपद आणि आठ वर्षांचं उपराष्ट्राध्यक्षपद होतं. १९९१ मध्ये कुवेत इराकच्या ताब्यातून मुक्त झालं आणि जमिनीवरचं युद्ध शंभर तासांत थांबवलं गेलं. बगदादपर्यंत जा, असं म्हणणारे तेव्हाही होते. कुठे थांबायचं हे त्यांना कळलं, कारण ठरलेलं उद्दिष्ट काय होतं आणि सोबतचे देश कशासाठी आले होते, याचं भान त्यांनी सुटू दिलं नाही. अनुभव मुरला की असा दिसतो.

हर्बर्ट हूवर यांचं उदाहरण याच्या उलट आहे. खाण अभियंता, पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी लोकांपर्यंत अन्न पोहोचवणारा कर्तबगार प्रशासक, नंतर व्यापारमंत्री. १९३० मध्ये आयातकर वाढवणारं विधेयक त्यांच्या टेबलावर आलं, तेव्हा हजारावर अर्थतज्ज्ञांनी सही करून कळवलं होतं की यावर नकाराधिकार वापरा. त्यांनी विधेयकावर सही केली. इतर देशांनीही कर वाढवून उत्तर दिलं आणि आधीच आटत चाललेला जागतिक व्यापार आणखी आटला.

म्हणून प्रत्येक पदासमोर एक प्रश्न लिहा: इथे या माणसाने स्वतः कोणता निर्णय घेतला? गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, असेल तर अंदाजपत्रक, वादळ-पूर, कोणत्या विधेयकांना नकार दिला, हे सगळं नोंदलेलं असतं. सिनेटर असेल तर मतांची नोंद मिळते, मात्र शंभरांतला एक असल्यामुळे जबाबदारी विरळ होते, हेही ध्यानात ठेवा. उद्योजक असेल तर धंदा अडचणीत आला तेव्हा कामगारांचं आणि देणेकऱ्यांचं काय केलं ते पाहा. सेनाधिकारी असेल तर नागरी नेतृत्वाशी त्याचं कसं होतं ते पाहा. २०१६ मध्ये ट्रम्प सरकारी पद किंवा सैन्यातली नोकरी यापैकी काहीच नसलेले पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यामुळे 'अनुभव' म्हणजे काय, हा प्रश्न आता प्रत्येक मतदाराला स्वतःच सोडवावा लागतो.

पायरी ४: सारासार बुद्धी, हा सगळ्यात मोठा भाग

इथे वेळ द्या. प्रत्येक उमेदवाराचे तीन निर्णय निवडा. असे निर्णय, जे घेताना पुढे काय होणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: तेव्हा काय माहिती हाताशी होती, कोणाचं ऐकलं आणि कोणाचं टाळलं, निर्णयाची किंमत स्वतःला मोजावी लागणार होती का, आणि चुकलं तेव्हा काय केलं.

एक निर्णय पूर्ण उलगडून दाखवते.

ऑक्टोबर २००२. इराकवर बळ वापरण्याचा अधिकार जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना द्यायचा का, यावर सिनेटमध्ये मतदान होणार होतं. गुप्तचर खात्यांचा सुमारे ९० पानांचा गोपनीय अहवाल सिनेटरांना वाचायला उपलब्ध होता. इराकच्या अणुकार्यक्रमाबद्दलच्या दाव्यांवर परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाने घेतलेले आक्षेप त्यातच नोंदलेले होते. तो अख्खा अहवाल फार थोड्या सिनेटरांनी वाचला. गुप्तचर समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी वाचला आणि विरोधात मत दिलं. ठराव ७७ विरुद्ध २३ ने मंजूर झाला. बाजूने मत देणाऱ्यांत हिलरी क्लिंटन, जो बायडन आणि जॉन मॅकेन होते. क्लिंटन यांनी नंतर सांगितलं की त्यांना अहवालाची तोंडी माहिती देण्यात आली होती. भाषणात त्यांनी हे मत म्हणजे एकतर्फी युद्धाला परवाना नव्हे, असंही बजावलं होतं, पण ठरावाने दिलेला अधिकार त्या भाषणाला बांधील नव्हता.

त्याच महिन्याच्या २ तारखेला शिकागोत एका सभेत इलिनॉयच्या राज्य सिनेटमधले बराक ओबामा बोलले. आपण सगळ्याच युद्धांच्या विरोधात नाही, पण हे युद्ध मूर्खपणाचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता, आणि इराक ताब्यात ठेवावा लागेल तो किती काळ आणि किती खर्चाने हे कोणी सांगू शकत नाही, असा इशाराही त्यांनी दिला.

२००८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत हाच वाद रंगला. क्लिंटन यांची बाजू: माझ्याकडे अनुभव आहे, रात्री तीन वाजता व्हाइट हाउसमधला फोन वाजला तर उचलणारा हात सरावलेला हवा. ओबामांची बाजू: अनुभव असूनही मोठ्या प्रसंगी निर्णय चुकला, मग तो अनुभव काय कामाचा?

आता वही उघडा आणि दोघांना तेच चार प्रश्न लावा. ओबामांचं म्हणणं खरं ठरलं, हे मान्य. पण त्यांच्या हातात मत नव्हतं, गोपनीय माहिती नव्हती, आणि त्यांचा मतदारसंघ युद्धविरोधी होता, तेव्हा किंमत कमी होती. दुसरीकडे, ते सिनेटची निवडणूक लढवायच्या तयारीत होते आणि देशातलं लोकमत युद्धाच्या बाजूने होतं, म्हणजे धोका अगदीच नव्हता असंही नाही. मग पुढचं पान: २०११ मध्ये ते स्वतः राष्ट्राध्यक्ष असताना लिबियात बळ वापरलं गेलं, गद्दाफींची राजवट गेली आणि देश यादवीत सापडला. त्यानंतरची तयारी न करणं ही बहुधा आपली सगळ्यात मोठी चूक होती, असं ओबामांनी २०१६ मध्ये कबूल केलं. २००२ मध्ये त्यांनी दुसऱ्यांना विचारलेला 'पुढे काय?' हा प्रश्न त्यांच्याच खुर्चीत आल्यावर पुरेसा विचारला गेला नाही. माप एकच ठेवलं की आवडता उमेदवारसुद्धा थोडा उघडा पडतो, आणि पडू द्यावा.

चौथा प्रश्न, चुकल्यावर काय केलं, मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जॉन केनेडी यांनी एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातल्या बे ऑफ पिग्सच्या मोहिमेला, कॅस्ट्रो यांची राजवट उलथवण्याच्या प्रयत्नाला, होकार दिला. सुमारे १,४०० निर्वासित क्यूबन उतरवले गेले आणि तीन दिवसांत सगळं संपलं. योजना आधीच्या सरकारच्या काळात आखलेली होती, खापर फोडायला जागा होती. त्यांनी जबाबदारी जाहीरपणे स्वतःवर घेतली. खरं उत्तर मात्र दीड वर्षाने दिसतं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली. सेनाप्रमुखांचा आग्रह हवाई हल्ल्याचा होता. या वेळी केनेडींनी एका गटाला दिवसेंदिवस वाद घालायला लावला. लोकांनी आपल्या तोंडाकडे बघून बोलू नये म्हणून काही बैठकांना ते स्वतः गेलेच नाहीत. हल्ल्याऐवजी नाकेबंदी केली, आणि तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं वचन गुपचूप देऊन सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना मागे फिरायला वाट ठेवली. क्यूबात तेव्हा सोव्हिएत सैन्याकडे लहान अण्वस्त्रं आधीच पोहोचलेली होती, हे जगाला खूप नंतर कळलं. हल्ला झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

चूक सगळ्यांची होते. चुकीनंतर कामाची पद्धत बदलते का, ते शोधा. उमेदवाराने नुसती माफी मागितली की नेमणुका बदलल्या, विरोधी मत ऐकायची सोय केली, हे त्याच्या पुढच्या निर्णयात दिसतं.

एक खबरदारी. निकालावरून निर्णय तोलू नका. नीट विचार करून घेतलेला निर्णयही दुर्दैवाने फसतो, आणि डोळे मिटून मारलेली उडीही कधी कधी पार लागते.

माहिती कुठे मिळेल? काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक नोंदवलेलं मत सापडतं. संसदेचं कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीवर सभागृहातली जुनी भाषणं न कापता ऐकता येतात. फेडरल इलेक्शन कमिशनकडे देणग्यांची नोंद असते. गव्हर्नरांसाठी त्यांच्या राज्यातली जुनी स्थानिक वृत्तपत्रं चाळा, राष्ट्रीय वाहिन्यांपेक्षा तिथे जास्त कामाचं मिळतं. वादसभा पाहा, पण हजरजबाबीपणाला सारासार बुद्धी समजू नका. ओव्हल ऑफिसात ९० सेकंदांत टोला हाणायची वेळ क्वचितच येते.

पायरी ५: जोडीदार कोण निवडला?

उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ही भावी राष्ट्राध्यक्षाची जनतेसमोरची पहिली मोठी नेमणूक. ती हलक्यात घेऊ नका. आजवर नऊ उपराष्ट्राध्यक्षांना मधेच पद सांभाळावं लागलं, आठदा राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि एकदा राजीनाम्यामुळे. हॅरी ट्रुमन फक्त ८२ दिवस उपराष्ट्राध्यक्ष होते. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले, आणि अणुबाँब तयार होतोय हे ट्रुमन यांना त्यानंतर कळलं. जोडीदार निवडताना उमेदवाराने राज्य चालवण्याची कुवत पाहिली की फक्त मतांचं गणित, हे त्या एका नावावरून बरंचसं कळतं.

पायरी ६: धर्माबद्दल काय विचारावं, काय विचारू नये

अमेरिकेच्या राज्यघटनेचं सहावं कलम सांगतं की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही. राष्ट्राध्यक्षाची शपथ घटनेत शब्दशः दिली आहे. तिच्यात देवाचं नाव नाही, आणि शपथेऐवजी नुसती प्रतिज्ञाही चालते. १८५३ मध्ये फ्रँकलिन पिअर्स यांनी प्रतिज्ञाच केली. बायबलवर हात ठेवणं ही रीत आहे, सक्ती नाही. लिंकन तर कोणत्याही चर्चचे सभासद नव्हते, आणि तरीही मार्च १८६५ च्या भाषणात यादवी युद्धाच्या दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात, हे त्यांनी ज्या नम्रतेने मांडलं ते फार थोड्या श्रद्धाळू नेत्यांना जमलं आहे.

पण ही घटनेची अट सरकारला आहे, मतदाराच्या मनाला नाही. मतदार धर्म पाहत आलेच आहेत. १८०० मध्ये थॉमस जेफरसन यांच्यावर नास्तिक म्हणून हल्ले झाले. १९२८ मध्ये अल स्मिथ कॅथलिक असल्यामुळे त्यांच्याविरुद्ध अत्यंत विखारी प्रचार झाला. केनेडींवरही तोच संशय होता की हे पोपचं ऐकतील. १२ सप्टेंबर १९६० ला ते ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मगुरूंसमोर उभे राहिले आणि म्हणाले की आपण डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार आहोत, जे योगायोगाने कॅथलिकही आहेत. सदसद्विवेक आणि देशहित यांत कधी टक्कर आलीच तर राजीनामा देईन, असंही त्यांनी सांगितलं. डिसेंबर २००७ मध्ये मॉर्मन पंथाचे मिट रॉम्नी यांनी टेक्सासमध्येच असंच भाषण केलं. चर्चचे अधिकारी माझे निर्णय ठरवणार नाहीत, हे दोघांनीही सांगितलं. पण रॉम्नी यांनी स्वातंत्र्याला धर्माची गरज आहे असंही मांडलं, आणि ज्यांचा कोणताच धर्म नाही त्यांना त्या वाक्यात जागा उरली नाही. ही दोन भाषणं शेजारी शेजारी ठेवून वाचा. धर्म आणि सत्ता यांच्याबद्दल उमेदवार किती वेगवेगळ्या तऱ्हांनी विचार करतो, ते त्यांतून शिकायला मिळतं.

२००८ मध्ये ओबामा मुस्लिम आहेत ही अफवा आपल्याही लोकांच्या ईमेलांमधून खूप फिरली. ते ख्रिश्चन आहेत, असं उत्तर दिलं जात होतं. १९ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्षाचेच माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल टीव्हीवर म्हणाले की खरं उत्तर वेगळं आहे: मुस्लिम असते तर काय बिघडलं असतं? हा प्रश्न आपण हिंदूंनी विशेष मनावर घ्यायला हवा. डिसेंबर २०२३ मध्ये आयोवातल्या एका जाहीर कार्यक्रमात रिपब्लिकन उमेदवारीसाठी लढणारे विवेक रामस्वामी यांना त्यांच्या हिंदू धर्मावरून विचारलं गेलं, की हा देश ज्या धर्मावर उभा राहिला तो तुमचा नाही, मग कसं? जो निकष उद्या आपल्या मुलीला लावलेला चालणार नाही, तो आज दुसऱ्याच्या मुलाला लावू नये.

मग विचारायचं काय? मी तीन गोष्टी पाहते. पहिली, श्रद्धा तो स्वतःच्या वागण्यासाठी वापरतो की दुसऱ्यांना बांधण्यासाठी. दुसरी, कायद्याशी येणारे ठोस प्रश्न: गर्भपात, शाळेतली प्रार्थना, धार्मिक संस्थांना सरकारी पैसा, कोणत्या विचारांचे न्यायाधीश नेमणार. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तो निकाल नेमणुकांमधूनच आला. या भूमिकांवर उमेदवाराला खुशाल धारेवर धरा, त्या धर्मातून आल्या असोत की आणखी कुठून. तिसरी, ज्यांचा धर्म त्याच्यापेक्षा वेगळा आहे किंवा ज्यांना धर्मच नाही, अशा माणसांबद्दल तो आपल्याच समर्थकांपुढे कसा बोलतो. ऑक्टोबर २००८ मध्ये मिनेसोटातल्या सभेत एक बाई ओबामांना 'अरब' म्हणाली, तेव्हा ओबामांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांनी तिच्या हातातून माइक घेऊन, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, असं सांगितलं. अरब माणूसही सभ्य नागरिक असू शकतो, हे सांगायचं त्यांच्याकडून राहिलं. तरी स्वतःच्या गर्दीचा रोष पत्करणं सोपं नसतं.

किती वेळा चर्चला जातो, उपास करतो का, देवळात कोणत्या हाताने आरती घेतली, यातून पदाबद्दल काहीच कळत नाही.

पायरी ७: 'आपला माणूस' या शब्दाला जपून राहा

मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार २०२३ पासून डेट्रॉइट भागातून प्रतिनिधिगृहात बसतात. त्याचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. पण आडनाव, आईचं माहेर, इडली आवडते की पुरणपोळी, ही निवडीची कारणं नव्हेत. व्हाइट हाउसमधल्या दिवाळीचंही तसंच. ती धाकट्या बुश यांच्या काळात सुरू झाली, ओबामांनी २००९ मध्ये स्वतः दिवा लावला, आता दोन्ही पक्षांत ती रीत आहे. दिव्याचा आनंद घ्या, मत दुसऱ्या कारणाने द्या.

ऑक्टोबर लागला की ग्रुपवर एकेका उमेदवाराला 'हिंदूंचा मित्र' किंवा 'हिंदूंचा शत्रू' ठरवणारे संदेश येतात. त्यात दिनांक, ठरावाचं नाव आणि मूळ भाषणाचा दुवा नसेल तर पुढे पाठवू नका, मग तो संदेश महाराष्ट्र मंडळातल्या कितीही ज्येष्ठ काकांनी पाठवलेला असो.

पायरी ८: बॅलट हातात आल्यावर

निवड राज्यनिहाय होते. एकूण ५३८ इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पुढे त्याला तिथले सगळे इलेक्टर. २००० मध्ये फ्लोरिडात ५३७ मतांनी सगळा निकाल फिरला. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला वाटतं की आपल्या मताने काय होणार. पण त्याच कागदावर प्रतिनिधिगृह, कधी सिनेट, आणि पुष्कळ ठिकाणी स्कूल बोर्डसुद्धा असतं. ग्रीन कार्डची रांग ज्या काँग्रेसच्या हातात आहे ती त्याच कागदावर निवडली जाते. काउंटीच्या संकेतस्थळावरून नमुना बॅलट आधी उतरवून घ्या आणि घरी शांतपणे भरून पाहा.

घरात प्रत्येकाने आपली वही वेगळी ठेवावी. नवरा-बायकोची मतं वेगळी पडली तर पडू द्या. आई-बाबा नागरिक झाले असतील आणि इंग्रजी वाचणं जड जात असेल, तर मतदानकेंद्रावर आपल्या पसंतीचा मदतनीस सोबत नेण्याचा हक्क त्यांना १९६५ च्या व्होटिंग राइट्स अॅक्टमधल्या १९८२ च्या दुरुस्तीने दिला आहे. मदतनीस म्हणून तुम्ही गेलात तर वाचून दाखवा, मराठीत समजावून सांगा, आणि खूण ते सांगतील तिथेच करा.

टपालाने मत देत असाल तर पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत दोन पाकिटं असतात. मतपत्रिका आधी आतल्या गोपनीयतेच्या पाकिटात, ते बाहेरच्या पाकिटात, आणि सही-तारीख बाहेरच्यावर. आतलं पाकीट वगळल्यामुळे चांगली मतं बाद झालेली आहेत. पाकीट मतदानाच्या दिवसापर्यंत पोहोचायला हवं की त्या दिवसाचा शिक्का चालतो, हे राज्यावर आहे, म्हणून आठवडाभर आधी टाका किंवा अधिकृत पेटीत स्वतः नेऊन द्या. ते पोहोचलं का, हे बहुतेक राज्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतं. सहीवर शंका आली तर काउंटीकडून पत्र, ईमेल किंवा फोन येतो. अनेक राज्यांत सही दुरुस्त करायला काही दिवसांची मुदत मिळते, त्यामुळे त्या काळात अनोळखी नंबर दिसला तरी एकदा उचलून बघा.